अंदाज, होरा आणि उपाशी कोंबड्या

परदेशातल्या नातेवाइकांसाठी लग्नपत्रिकेचा इंग्रजी मजकूर वेगळा छापायची पद्धत आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. त्या मजकुरात 'ऑस्पिशियस' हा शब्द हटकून असतो. साधं 'गुड' म्हटलं तर मुहूर्ताची किंमत कमी होते. शब्द मूळचा लॅटिन. 'आविस' म्हणजे पक्षी आणि 'स्पेकेरे' म्हणजे पाहणं. थोडक्यात, कांदा-लसूणही चालत नाही अशा घरातून आलेली ती पत्रिका आपल्याला पक्षी पाहायला बोलावत असते. शब्द चुकलेला मात्र नाही. प्राचीन रोममध्ये लग्नाच्या वेळी शकुन पाहायला खरोखरच एक माणूस हजर असे, त्याला आउस्पेक्स म्हणत. पुढे पक्षी बघणं मागे पडलं आणि हा गृहस्थ साक्षीदार म्हणून नुसता मिरवू लागला. लग्नात असा एक जण लागतोच.

रोमन लोकांचा हा सगळा कारभार फार सुटसुटीत होता. मोहिमेवर निघालेल्या सैन्याबरोबर पिंजऱ्यात पवित्र कोंबड्या असत आणि त्यांची उस्तवार करायला स्वतंत्र माणूस. लढाईआधी पिंजरा उघडून दाणे टाकायचे. कोंबड्या अधाशासारख्या खाऊ लागल्या, चोचीतून दाणे जमिनीवर सांडले, की शकुन उत्तम. त्यांनी तोंड फिरवलं की आजची लढाई रहित. इ. स. पू. २४९ साली सिसिलीच्या किनाऱ्यावर द्रेपानापाशी पुब्लियुस क्लाउडियुस पुल्खेर नावाचा सेनापती कार्थेजच्या आरमारावर चालून निघाला आणि नेमक्या त्या दिवशी कोंबड्या दाण्याला शिवेनात. सेनापती भडकला. खात नाहीत तर पाणी तरी पिऊ देत, असं काहीसं बोलून त्यानं त्या समुद्रात भिरकावल्या. त्या लढाईत रोमची ९३ जहाजं गेली. घरी परतल्यावर त्याच्यावर खटला चालला, दंडही झाला. कोंबड्यांचा अंदाज इतका तंतोतंत खरा ठरला, पण तो ऐकायला त्या राहिल्या नाहीत. अंदाज सांगणाऱ्यालाच बुडवायची रीत किती जुनी आहे, ते यावरून कळावं.

यातली खरी मेख सिसेरोनं सांगून ठेवली आहे. हा स्वतः शकुन पाहणाऱ्या सरकारी मंडळाचा सभासद, पण शकुनशास्त्रावर ग्रंथ लिहिताना त्यानं मंडळाची भीड ठेवली नाही. पिंजऱ्यात उपाशी कोंडलेली कोंबडी दाण्यांवर तुटून पडणारच आणि चोच गच्च भरली की दाणे सांडणारच, यात देवाचा संबंध कुठे आला, असा त्याचा रोकडा सवाल. म्हणजे शकुन चांगला हवा असेल तर आदल्या रात्री कोंबड्यांना खायला घालायचं नाही, संपलं. पुढच्या तिमाहीच्या विक्रीचे आकडे मीटिंगमध्ये कसे तयार होतात हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना सिसेरो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आपण फार हसू नये. आपल्या पंचांगात पल्लीपतनाची फळं असतात. पाल अंगावर नेमकी कुठे पडली, डोक्यावर की खांद्यावर, डावीकडे की उजवीकडे, त्याप्रमाणे धनलाभापासून कलहापर्यंत सगळी सोय लावलेली. पुरुषांची फळं वेगळी, बायकांची वेगळी. मला नेहमी प्रश्न पडतो तो असा, की पाल अंगावर पडल्यावर ती नक्की कोणत्या अवयवावर पडली हे शांतपणे नोंदवून ठेवणारा माणूस आहे कुठे? घरभर आरडाओरडा झाल्यावर जी साक्ष मिळते ती कोणत्याही कोर्टात टिकणार नाही.

पक्ष्यांनंतर तारे. 'डिझास्टर' या शब्दात 'आस्त्रो' म्हणजे तारा लपलेला आहे. तारा वाईट निघाला की झालं डिझास्टर. 'डिस्मल' म्हणजे 'दिएस माली', वाईट दिवस. मध्ययुगीन युरोपच्या दिनदर्शिकांत दर महिन्याला दोन दिवस असे काळे ठरवून दिलेले होते. 'इन्फ्लुएन्झा' हाही ताऱ्यांचाच प्रभाव, म्हणजे आपली साधी सर्दी-पडशाची थोरली बहीण थेट आकाशातून उतरते. आणि 'होरोस्कोप'मधला 'होरा' तर आपल्या घरचाच वाटावा. ग्रीक भाषेत 'होरा' म्हणजे वेळ. इंग्रजीतला 'अवर' त्याचाच. तो ग्रीक होरा फार पूर्वी आपल्या ज्योतिषात शिरला. वराहमिहिरानं त्याची फोड 'अहोरात्र' या शब्दाची पुढची-मागची अक्षरं गाळून करून दाखवली, आणि ती इतकी सफाईदार आहे की खरी नाही याचं वाईट वाटतं. आज आपले वार्ताहर निवडणुकीच्या आदल्या दिवशी 'तज्ज्ञांचा होरा' छापतात, तेव्हा त्यात थोडा ग्रीस असतो. ग्रीसचं पुढे काय झालं हे तज्ज्ञांनाही ठाऊक असतं, पण होरा थांबत नाही.

मला या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत आवडतो तो फेकण्याचा प्रकार. 'फोरकास्ट'मध्ये 'कास्ट' आहे, म्हणजे फेकणं, टाकणं. 'कंजेक्चर'मध्ये लॅटिन 'याकेरे' आहे, तेही फेकणंच. आणि आपला 'अंदाज' फारसीतून आला. तिरंदाज आणि गोलंदाज यांच्या शेपटाला जो 'अंदाज' आहे तोही फेकण्याचाच. एक बाण फेकतो, एक चेंडू फेकतो, तिसरा नुसताच फेकतो. मराठीत 'उगाच फेकू नकोस' असं आपण कुणालाही म्हणतो, तेव्हा तीन भाषांच्या व्युत्पत्तीला आपण किती घट्ट धरून आहोत याची आपल्याला कल्पना नसते. (इंग्रजी 'कास्ट'ला जुन्या काळी हिशेब मांडणं असाही अर्थ होता. तो अर्थ लक्षात ठेवावा, कारण पुढे एका भल्या माणसाचा सगळा भरवसा त्यावर होता.)

आता एवढे शब्द कशाला लागले असतील? उद्या काय होणार हे माहीत नाही, हा मुद्दा एका वाक्यात संपतो. पण माझं म्हणणं असं आहे की हे शब्द उद्याबद्दल नसतातच. ते बोलणाऱ्याबद्दल असतात. उद्या तोंडघशी पडलो तर गचांडी कुणाची धरायची, हे प्रत्येक शब्द आधीच ठरवून देतो. 'प्रॉफेट' देवाच्या वतीनं बोलतो, तेव्हा तक्रार वरच्या ऑफिसात करायची. 'सूथसेयर'मधलं 'सूथ' म्हणजे सत्य, तो बिचारा पूर्ण अडकलेला. 'प्रेडिक्ट' म्हणजे फक्त आधी बोलणं, तिथे बोलणारा निदान स्वतःच्या जिभेला बांधलेला असतो. 'प्रोजेक्शन' म्हटलं की 'हे असंच चालू राहिलं तर' ही पळवाट आलीच, आणि हवामानबदलाचे शास्त्रज्ञ प्रोजेक्शन आणि प्रेडिक्शन यांची गल्लत करू देत नाहीत ते त्यासाठीच. 'सिनारिओ' तर नाटकाच्या रंगमंचावरून आलेला. तिथे जे घडतं त्याला कुणीच जबाबदार नसतं. डॉक्टरांचं 'प्रॉग्नोसिस' त्याहून सावध. रिपोर्टवर 'गार्डेड' असं लिहितात, तेव्हा पहारा पेशंटभोवती आहे की डॉक्टरांभोवती हे नातेवाइकांनी ओळखायचं.

'फोरकास्ट' हा शब्द हवेला चिकटवला तो रॉबर्ट फिट्झरॉय यानं. डार्विनला घेऊन १८३१ ते १८३६ जगभर फिरलेल्या 'बीगल' जहाजाचा हा कप्तान. १८५४ साली ब्रिटनच्या व्यापार मंडळानं त्याला हवामानाच्या नव्या विभागाचं काम दिलं. काम होतं फक्त नोंदी गोळा करायचं. त्याच साली पार्लमेंटात एक सदस्य म्हणाले की लंडनची उद्याची हवा आज सांगता येईल असे दिवस येतील, तर सभागृहात हशा पिकला. पण ऑक्टोबर १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अँगलसीपाशी 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटलं आणि सुमारे साडेचारशे माणसं बुडाली. फिट्झरॉय दर्यावर्दी होता, त्याला नोंदींच्या वह्या पुरेनात. किनाऱ्यावरच्या ठाण्यांवरून तारेनं येणारी निरीक्षणं जोडून त्यानं फेब्रुवारी १८६१ पासून वादळाचे इशारे सुरू केले. बंदरावर शंकू आणि पिंप यांच्या आकृत्या वर चढवायच्या. कोकणात आजही बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या खाडीत येतात, ती खूण त्याच जातीची.

१ ऑगस्ट १८६१ रोजी 'टाइम्स'मध्ये पहिला रोजचा अंदाज छापून आला. उत्तर, पश्चिम, दक्षिण, तिन्हीकडे हवा छान राहील असा. सुरुवात करायला याहून सुरक्षित मजकूर सापडला नसता. या मजकुराला नाव काय द्यायचं यावर फिट्झरॉयनं बराच विचार केलेला दिसतो. ही भविष्यवाणी नव्हे आणि भाकीतही नव्हे, शास्त्रीय रीतीनं निरीक्षणं जुळवून, हिशेब करून बनलेलं हे मत आहे, म्हणून 'फोरकास्ट', असं त्यानं स्पष्टीकरण देऊन ठेवलं. शब्द निवडताना एवढी काळजी घेतलेला सरकारी अधिकारी विरळा.

पण ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं? भविष्यवाणीच ऐकली. हवा चुकली की वर्तमानपत्रं टिंगल करत. इशारा दिला की होड्या बंदरात पडून राहत आणि त्यांचे मालक कुरकुरत. इकडे जाणते शास्त्रज्ञ म्हणत की याला आधार पुरेसा नाही. ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉयनं स्वतःचं जीवन संपवलं. त्याला कर्ज होतं, आजारपण होतं, मनाची जुनी दुखणी होती, आणि त्याच्या अंदाजांची थट्टाही होती. कशाचं ओझं किती, हे मोजायला आपण कोण. पुढे चौकशी समिती बसली आणि १८६६ साली अंदाज आणि इशारे दोन्ही बंद झाले. मग मात्र ज्यांनी कधी टिंगल केली नव्हती त्यांनी ओरड सुरू केली, म्हणजे समुद्रावर जाणाऱ्यांनी. १८६७ साली वादळाचे इशारे परत चालू करावे लागले. सर्वसामान्यांसाठीचा अंदाज परतायला १८७९ उजाडलं. रोज हवा चुकली म्हणून हसणारा माणूस बहुधा जमिनीवर उभा असतो.

आपल्याकडे हे खातं १८७५ साली आलं. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. नवख्याला वाटतं तिथे थंड हवेच्या सहलींची तिकिटं मिळत असतील. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते सिमला ऑफिस. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुणेकर एकदा ठेवलेलं नाव बदलत नाहीत. वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद इथे त्या मुख्यालयाच्याही आधीपासून रुळला असावा असं त्याच्या झिजलेल्या कडांवरून वाटतं. तो मी पुन्हा करत नाही.

त्यापेक्षा खात्याची भाषा वाचण्यात जास्त गोडी आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे कुठे तरी थोडासा, असं आपण समजतो. तसं नाही. त्या विभागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, असा त्याचा पक्का अर्थ आहे. 'हेवी' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. तेव्हा 'तुरळक ठिकाणी मुसळधार' यात विरोधाभास नाही, आणि तुमच्या गल्लीबद्दल तर अवाक्षरही नाही. 'नॉर्मल' मान्सून म्हणजे देशाच्या दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के, आणि ही सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरतात. देश नॉर्मल असला तरी मराठवाड्यात टँकर फिरू शकतो आणि चिपळूणच्या बाजारपेठेत होडी. आणि २०१६ साली खात्यानं आपल्या शब्दकोशातून 'ड्रॉट' हा शब्दच काढून टाकला. आता 'डेफिशियंट' म्हणजे तुटीचं वर्ष म्हणायचं. दुष्काळ जाहीर करणं हे आपलं काम नव्हे, असा त्यामागचा विचार. तो चुकीचाही नाही. पण ज्या राज्यात आधी 'टंचाई' येते, मग 'दुष्काळसदृश परिस्थिती' येते आणि खऱ्या दुष्काळाला कागदावर पोचायला सर्वांत जास्त वेळ लागतो, तिथल्या शेतकऱ्याला या शब्दसाधनेचं नवल वाटायचं कारण नाही.

शब्दांच्या या बुरख्यावर एकदा एका माणसानं आकडे बसवायचा प्रयत्न केला होता. शर्मन केंट, मूळचा येल विद्यापीठातला इतिहासाचा प्राध्यापक, पुढे अमेरिकेच्या सीआयएमध्ये अंदाज लिहिणाऱ्या मंडळावर. १९५१ च्या मार्चमध्ये या मंडळानं एक अहवाल दिला, की त्या वर्षात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' धरून चालावं. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका बड्या अधिकाऱ्यानं गप्पांच्या ओघात विचारलं, म्हणजे किती हो? केंट म्हणाला, पासष्ट विरुद्ध पस्तीस, हल्ल्याच्या बाजूनं. अधिकारी दचकला, त्यानं फार कमी धरली होती. मग केंटनं आपल्याच मंडळात एकेकाला विचारलं. कुणाच्या मते शक्यता वीस टक्के, कुणाच्या मते ऐंशी. सगळ्यांनी मिळून एकच वाक्य लिहिलं होतं, एकमतानं. ज्यांनी समित्यांचे ठराव लिहिले आहेत त्यांना हे एकमत ओळखीचं वाटेल.

केंटनं मग कोष्टक केलं. 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे ९३ टक्के, सहा इकडे-तिकडे. 'प्रॉबेबल' म्हणजे ७५. 'प्रॉबेबली नॉट' म्हणजे ३०. 'ऑलमोस्ट सर्टनली नॉट' म्हणजे ७. यावर कचेरीत दोन तट पडले. केंटनं एकाला गणिती म्हटलं, दुसऱ्याला कवी. कवींचं म्हणणं, शब्दाचं सौंदर्य त्याच्या धूसरपणात आहे, त्याला आकड्यात कोंबू नका. एका सहकाऱ्यानं तर तू या खात्याचा सट्ट्याचा अड्डा करणार असं सुनावलं. त्यावर कवी होण्यापेक्षा मी बुकी झालेलो बरा, अशा अर्थाचं केंटचं सणसणीत उत्तर प्रसिद्ध आहे. कोष्टक काही तिथे रुजलं नाही, कवी जिंकले. कवी सरकारी नोकरीत जिंकल्याची नोंद करून ठेवावी. मात्र पुढे हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं, आयपीसीसीनं, तोच कित्ता गिरवला. त्यांच्या अहवालात 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९०.

केंटचं कोष्टक आपल्या शिंप्याकडे न्यायला हवं होतं. "काकू, मंगळवारी नक्की" यातला 'नक्की' किती टक्क्यांचा, हे प्रत्येक काकूला ठाऊक असतं. सणाच्या आठवड्यात तो तीसवर येतो. "बघतो, जमवतो" हे सात टक्के. "होऊन जाईल हो, तुम्ही काळजीच करू नका" असं तो म्हणाला की काकू गुपचूप कपाटातली दुसरी साडी काढून ठेवतात. या काकूंनी युगोस्लाव्हियाचा अहवाल वाचला असता तर परराष्ट्र खात्याला दचकायची पाळी आली नसती.

आणि हीच जागा आहे 'एक्स्पेक्ट' आणि 'अँटिसिपेट' यांच्या भांडणाची. कटकटे इंग्रजी भाषाप्रेमी या दोघांना एक मानत नाहीत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर डोकावून वाट पाहणं. अँटिसिपेटमध्ये 'कापेरे' आहे, धरणं, पकडणं. ब्लाउज येणार नाही असं वाटणं हे एक्स्पेक्ट, दुसरी साडी काढून ठेवणं हे अँटिसिपेट. आपल्या कायद्यानं हा फरक बरोबर जपला. 'अँटिसिपेटरी बेल'ला (२०२४ पर्यंत ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४३८व्या कलमाखाली मिळे) मराठीत 'अटकपूर्व जामीन' म्हणतात. पोलिसांनी धरण्याआधी आपण कोर्टाला धरायचं, असा तो प्रकार. 'प्रॉव्हिडंट' म्हणजे पुढचं पाहणारा. त्याचं 'भविष्य निर्वाह निधी' करणाऱ्या भाषांतरकारानं तर कमाल केली. ज्योतिषाचा पहिला शब्द, नवऱ्याच्या कमाईचा दुसरा आणि सरकारचा तिसरा.

या सगळ्या यादीत मला प्रामाणिक वाटतो तो अगदी नवा आणि दिसायला बावळट शब्द, 'नाउकास्ट'. आत्ताचं फेकणं. पुढच्या तीन तासांपुरतं बोलायचं, रडारवर जे ढग दिसतायत त्यांच्याबद्दल, आणि मग पुन्हा नव्यानं बोलायचं. त्यात देव नाही, तारे नाहीत, सरासरी नाही, आणि चुकलं तर चहा होईपर्यंत कळतं. हवामान खात्याचे असे इशारे आता मोबाइलवर जिल्ह्याच्या नावासकट येतात. एप्रिल-मे महिन्यांत, वळवाच्या दिवसांत, 'पुढील तीन तासांत मेघगर्जनेसह' असं काही आलं, तर त्यात 'तुरळक' आहे की 'काही ठिकाणी' हे तपासत बसू नका. आधी गच्चीवर जाऊन कुरडया उचला.